बंद काचांच्या बसमध्ये मुलांचे खेळ अडले आहेत. रोजच्या प्रवासात तुमच्या घरी काय चालते?

प्रश्न: शीवकर_आई

आम्ही शीवला राहतो. मुलगा पाचवीत आणि मुलगी पहिलीत असून दोघांची शाळा भायखळ्याला आहे. सकाळी मी त्यांना बेस्टच्या बसने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरून शाळेत सोडते आणि दुपारी आजी त्याच मार्गाने त्यांना घरी आणतात. या प्रवासाभोवती आमच्या घरात काही खेळ तयार झाले. ते कोणी ठरवून सुरू केले नव्हते, पण मुलांनी त्यांना नियम लावले आणि मग ते नियम मोडण्याची मुभा मोठ्यांनाही राहिली नाही.

पहिला खेळ थांब्यावरचा. बेस्टच्या बसच्या कपाळावर क्रमांक मराठी आकड्यांत आणि बाजूला इंग्रजी आकड्यांत लिहिलेला असे. समोरून येणाऱ्या बसचा मराठी क्रमांक जो आधी बिनचूक वाचेल त्याला खिडकी मिळायची. मुलगी शाळेत जाण्याआधीच मराठी आकडे वाचायला शिकली ती याच हट्टापायी. दुसरा खेळ घंटेचा: पुढच्या थांब्यावर कोणी उतरणार की नाही, म्हणजे कंडक्टर दोरी ओढणार की नाही, हे आधी सांगायचे. तिसरा तिकिटाचा. तिकिटाच्या क्रमांकातील आकड्यांची बेरीज विषम आली तर मुलांनी आजीला कोडे घालायचे आणि सम आली तर आजींनी मुलांना.

सर्वांत आवडता खेळ मात्र डोळे मिटण्याचा. हिंदमाता सोडले की मुलगी डोळे मिटून घ्यायची आणि केवळ वास व आवाज यांवरून आपण कुठे आलो ते सांगायची. परळला पुलाखालून बस गेली की इंजिनाचा आवाज घुमतो. लालबागला, विशेषतः मार्च ते मे या मसाल्याच्या दिवसांत, भाजलेल्या मिरच्यांचा ठसका खिडकीतून थेट नाकात शिरतो आणि राणीच्या बागेपाशी झाडांमुळे हवेत किंचित गारवा येतो. हे सगळे ती इतक्या खात्रीने सांगे की शेजारचे प्रवासीसुद्धा कौतुकाने ऐकत.

आता आम्हाला बहुतेक वेळा वातानुकूलित विजेवरची बस मिळते. उन्हाळ्यात घामाघूम न होता मुले शाळेत पोहोचतात आणि आजींना खालच्या पायरीमुळे चढणे सोपे जाते, त्यामुळे या बसविषयी माझी काहीच तक्रार नाही. परंतु काचा बंद असल्यामुळे वास आत येत नाही, दार चालक बटणाने उघडतो म्हणून घंटेची दोरी नाही, आणि आमचे तिकीट मोबाइलवर असल्यामुळे बेरीज करायला कागदही हाती येत नाही. क्रमांक वाचण्याचा खेळ तेवढा दिव्यांच्या पाटीवर टिकून आहे. मुलांनी काही दिवस जुने खेळ रेटून पाहिले. आता बसल्या बसल्या ती माझा मोबाइल मागतात.

त्यात मुलाच्या वर्गातील काही मुले त्याच बसने येऊ लागल्यापासून त्याला बहिणीबरोबर मोठ्याने खेळायला संकोच वाटतो. त्याचा संकोच मला समजतो आणि त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही.

बंद बसमध्ये, गर्दीत उभे राहून आणि इतरांना त्रास न देता चालतील असे कोणते खेळ तुमच्या घरी आहेत? मोठ्या मुलाला त्यांत कसे धरून ठेवले? आणि रोजच्या सहप्रवाशांना हे सगळे खरोखर कसे वाटते?

---

उत्तर: निवृत्त_वाहक

ताई, मी बेस्टमध्ये वाहक म्हणून नोकरी केली आणि तुमच्याच रस्त्यावर बराच काळ काढला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. शाळेच्या वेळेतील गाडीत खेळणारी मुले आम्हाला नेहमीच हवीशी वाटत, कारण जे मूल पुढच्या थांब्याचा अंदाज बांधत असते ते उतरण्यासाठी वेळेवर दारापाशी येते. अडचण फक्त दोन गोष्टींची होत असे. एक म्हणजे मुलाने स्वतः घंटा ओढणे. एक टोला म्हणजे थांबा आणि दोन टोले म्हणजे निघा, ही चालक आणि वाहक यांच्यातील भाषा आहे, आणि चुकीच्या वेळी दोन टोले पडले तर पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. दुसरी म्हणजे वाहक पैसे मोजत असताना शेजारी मोठ्याने आकडे म्हणणे. तुमच्या तिकिटाच्या बेरजेच्या खेळात आजी कोणत्या स्वरात बोलत हे मला माहीत नाही, पण तेवढी काळजी घेतली की कोणताही वाहक तुमच्या बाजूने उभा राहील.

तिकिटांचा विषय निघाला म्हणून थोडे सविस्तर लिहितो, कारण आताच्या मुलांना ते दिसत नाही. यंत्र येण्यापूर्वी आमच्याकडे तिकिटांची पेटी असे. तीत वेगवेगळ्या दरांच्या तिकिटांचे निरनिराळ्या रंगांचे गठ्ठे ओळीने लावलेले असत आणि हातात पंच असे. गर्दीतून पुढे सरकताना तो पंच रिकामाच दोन-तीनदा दाबून टिकटिक असा आवाज करायचा, म्हणजे तिकीट काढायचे राहिलेल्यांना आपोआप आठवण होई. अनेक मुले त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करीत. काही घरांत रंगांवरून पैज लागायची: आज आपल्याला कोणत्या रंगाचे तिकीट मिळणार? अंतर तेच असले तरी आजोबा कधी एक थांबा आधी उतरून पायी चालणार असतील तर रंग बदले. त्यामुळे नातवंडांना आजोबांचा बेत आधी काढून घ्यावा लागे.

दुमजली गाडीत वर एक आणि खाली एक असे दोन वाहक असत. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळाली की मुले गाडी आपणच चालवीत असल्यासारखी हात फिरवीत, आणि शेजारी बसलेल्या वडिलांना वाहक व्हावे लागे. मुंबईत दुमजली बस १९३७ मध्ये आली आणि जुन्या डिझेलच्या दुमजली गाड्यांपैकी शेवटची गाडी १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली. त्या दिवशी तिला हार घालायला आलेल्या गर्दीत मुलांचा हात धरून आलेले कितीतरी आईवडील होते. विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित दुमजली गाड्या आता शहरात आहेत. त्यांतही वरच्या मजल्याची पुढची काच आहेच, तेव्हा सुटीच्या दिवशी मुलांना दक्षिण मुंबईत नेऊन तेथे जरूर बसवा.

बंद काचांच्या गाडीसाठी माझी सूचना अशी आहे की मुलीचा डोळे मिटण्याचा खेळ बंद करू नका, त्याचा आधार बदला. वास गेला तरी रस्ता अंगाला कळतो. मी गर्दीत पाठमोरा उभा राहून तिकिटे देत असताना बाहेर न पाहता थांबा ओळखत असे, कारण गाडी कुठे वळते, कुठे चढते, कोणत्या सिग्नलला हमखास अडते आणि कुठे खड्डा चुकवते हे पायांना माहीत झालेले असते. माहेश्वरी उद्यानाचा गोल वळसा तर उभ्या माणसाला कधीच चुकणार नाही. मुलीला उभे राहून, दांडी घट्ट धरून आणि तुमचा हात पाठीशी ठेवून, हा खेळ पायांनी खेळू द्या. विजेच्या गाडीत इंजिनाची धडधड नसल्यामुळे हे आणखी स्पष्ट जाणवेल असे मला वाटते.

मुलासाठी एक वेगळी गोष्ट सुचवतो. तुम्ही ज्या रस्त्याने जाता तो गिरणगावाचा रस्ता आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हापर्यंत पाळी सुटण्याच्या वेळी परळ-लालबागला गाडीत पाय ठेवायला जागा नसे. या भागात अजून काही जुन्या चिमण्या इमारतींच्या आडून दिसतात. बसमधून किती दिसतात, त्या कोणत्या गिरणीच्या होत्या, आणि त्यांतील कोणती उंच इमारत आल्यामुळे दिसेनाशी झाली, याची नोंद त्याने ठेवावी. हा खेळ मोठ्याने खेळावा लागत नाही आणि मित्रांसमोर करण्यात कमीपणाही वाटणार नाही. उलट मित्रच त्यात येतील.

---

उत्तर: पेठेतले_आजोबा

मी पुण्यात राहतो आणि दोन्ही नातवंडांबरोबर पीएमपीएमएलच्या बसने स्वारगेट ते शिवाजीनगर असा प्रवास बरीच वर्षे करीत आलो आहे. आमचा मुख्य खेळ खिडकीवर किंवा तिकिटावर अवलंबून नसल्यामुळे तो कोणत्याही बसमध्ये चालतो. तुम्हाला त्यातून काही घेता येईल या हेतूने लिहितो.

पुण्यात सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या नावाच्या पेठा आहेत. जाताना आमची बस बाजीराव रस्त्याने जाते आणि येताना शिवाजी रस्त्याने येते, म्हणजे शुक्रवार, बुधवार, शनिवार अशा पेठा वाटेत लागतात किंवा कडेने जातात. ज्या दिवशी वार आणि पेठ जुळेल त्या दिवशी आमचा ‘जोडवार’ असतो. बुधवारी बुधवार पेठेतून जाताना जो आधी ‘जोडवार’ म्हणेल त्याला घरी गेल्यावर शेंगदाण्याची चिक्की मिळते. आठवड्यातले बाकीचे वार बिनचिक्कीचे जातात, आणि त्यामुळेच त्या तीन वारांना किंमत आहे. रोज बक्षीस ठेवले असते तर हा खेळ महिन्याभरात संपला असता असे माझे ठाम मत आहे.

दुसरा खेळ देवांच्या नावांचा. पुण्यातील देवळांना लोकांनी दिलेली नावे सर्वांना ठाऊक आहेतच: जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, सोन्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, गुपचूप गणपती. एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत प्रत्येकाने एकेक नाव घ्यायचे, आधी कोणी घेतलेले घ्यायचे नाही आणि बस थांबली की ज्याची पाळी असेल तो बाद. हा खेळ कानाशी कुजबुजत खेळता येतो. नावे संपू लागली की नातू घरी जाऊन शेजारच्या आजींना, दुकानदाराला विचारून नवे नाव मिळवून आणतो आणि ते नाव दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसेपर्यंत कोणालाही कळू देत नाही.

थोरल्या नातीलाही तुमच्या मुलासारखाच संकोच वाटू लागला होता. तिला खेळाडू म्हणून राहायचे नव्हते, म्हणून आम्ही तिला पंच केले. एखादे नाव खरे आहे की धाकट्याने जागच्या जागी रचले आहे याचा निर्णय ती देते, आणि तो निर्णय मलाही मान्य करावा लागतो. पुढे ती प्रत्येक नावामागची हकिगत विचारून वहीत उतरवू लागली. एकाच देवाच्या दोन-तीन निराळ्या कथा ऐकायला मिळतात आणि लोक त्या तितक्याच ठामपणे सांगतात, तेव्हा कोणती लिहायची असा प्रश्न तिला पडला. मी तिला सगळ्या लिही असे सांगितले. ही वही आता आमच्या घरातील महत्त्वाची वस्तू झाली आहे.

तुमच्या रस्त्यावर देवळे असतील, सिनेमागृहे आहेत, बाजार आहेत, गणपतीची मंडळे तर पावलोपावली आहेत. मुलांच्या आजींना विचारून पाहा. नावांचा साठा त्यांच्याकडेच असणार.

---

उत्तर: पसरणी_घाट

आम्ही वाईचे. मी पाचगणीला एका शाळेत शिकवते आणि माझा मुलगा त्याच गावातील दुसऱ्या शाळेत तिसरीत शिकतो, त्यामुळे रोज सकाळी आम्ही दोघे एसटीने पसरणी घाट चढतो. अंतर फार नाही, पण वळणे इतकी आहेत की तेवढ्यात पुष्कळ काही घडते.

आमच्याकडील पहिला विधी तिकिटाचा आहे. एसटीत पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा या वयात अर्धे तिकीट लागते. त्यामुळे आमच्या कुटुंबात पाचव्या वाढदिवसाला मुलाला मुद्दाम एसटीने फिरवून आणायचे आणि ‘एक अर्धे द्या’ हे त्यानेच वाहकाला सांगायचे अशी पद्धत आहे. ते तिकीट त्याच्या फोटोंच्या वहीत चिकटवले जाते. पूर्वी बारा वर्षे झाली की पहिल्या पूर्ण तिकिटाचाही असाच मान होता. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्म्या दराने प्रवास करता येतो, तेव्हापासून या पद्धतीत एक गंमत आली आहे. आता माझे आणि मुलाचे तिकीट सारख्याच रकमेचे येते, आणि ‘आई, तू अजून बारा वर्षांची झाली नाहीस’ असे तो सर्वांसमोर सांगतो. बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे एकत्र गेलो की त्याचे गणित सुरू होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांचे शून्य, आजीचे अर्धे, माझे अर्धे, त्याचे अर्धे आणि बाबांचे पूर्ण. पाच माणसे आणि अडीच तिकिटे! हे त्याने दुसरीत असतानाच मांडले होते आणि अपूर्णांक मला त्याला वेगळे शिकवावे लागले नाहीत.

दुसरा खेळ गाडीच्या नोंदणी क्रमांकाचा. महामंडळाच्या दापोडी येथील कार्यशाळेत बांधलेल्या अनेक गाड्यांवर एमएच-१४, चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच-२० आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या गाड्यांवर एमएच-४० असे क्रमांक असतात. समोरून एसटी येताना दिसली की ती कुठे जन्मली ते आधी सांगायचे आणि जवळ आल्यावर पाटी वाचून खात्री करायची. मुलगा आता बांधणीवरून, दिव्यांच्या जागेवरून अंदाज बांधतो आणि त्याचे अंदाज माझ्यापेक्षा चांगले असतात. दोन एसटी घाटात समोरासमोर आल्या की चालक एकमेकांना हात वर करून दाखवतात. त्या क्षणी मुलानेही हात वर करायचा असतो, आणि समोरच्या चालकाने त्याच्याकडे पाहून पुन्हा हात केला तर तो दिवस चांगला जाणार असे आम्ही धरून चालतो.

तुमच्या बंद काचांच्या प्रश्नाला थेट लागू पडेल असा खेळ आमच्याकडे पावसाळ्यातच असतो. जूननंतर घाटात दाट धुके असते, खिडक्या लावाव्या लागतात आणि बाहेरचे काहीही दिसत नाही: ना धोमचे पाणी, ना खाली वाई. तेव्हा आम्ही ‘न दिसणाऱ्या गोष्टी’ सांगतो. वळण आले की आता डावीकडे काय असायला हवे ते प्रत्येकाने बोलायचे, आणि धुके एखाद्या ठिकाणी विरळ झालेच तर पडताळून पाहायचे. मुलगा काचेवर बोटाने चित्र काढतो आणि पुढचे वळण संपण्यापूर्वी ते काय आहे हे मी ओळखायचे असते. रोज तोच रस्ता असल्याशिवाय हे खेळ जमत नाहीत, आणि म्हणून रोजच्या प्रवासाला कंटाळवाणा म्हणणे मला कधी पटले नाही.

---

शीवकर_आई

सर्वांचे मनापासून आभार. वाहककाका, पायांनी थांबा ओळखण्याचा खेळ आम्ही लगेच करून पाहिला. मुलीला माहेश्वरी उद्यानाचा वळसा पहिल्याच दिवशी कळला, आणि परळ व लालबाग यांच्यामध्ये तिचा गोंधळ होतो म्हणून ती रोज तेवढ्या भागासाठी हट्टाने उभी राहते. आजोबांची पंचाची कल्पना मुलाला आवडली आहे. ती मी सुचवली हे मात्र त्याला सांगितलेले नाही.

पाचगणीच्या ताईंना एक विचारायचे आहे. आमच्या वातानुकूलित बसच्या काचा पावसाळ्यात धुकट होतात, पण मुलीने बोट फिरवले तरी रेघ उठत नाही आणि ती खट्टू होते. असे का होते?

---

उत्तर: पसरणी_घाट

घाटात बाहेरची हवा थंड असते आणि आत माणसांच्या श्वासाची वाफ असते, म्हणून पाण्याचे बारीक थेंब काचेच्या आतल्या बाजूला धरतात. तुमच्याकडे उलट आहे. आतल्या थंडाव्याने काच गार पडते आणि मुंबईच्या पावसाळी हवेतील बाष्प तिच्यावर बाहेरच्या बाजूने जमते. त्यामुळे आतून बोट फिरवून उपयोग होत नाही. घरी थंड पाण्याचा पेला टेबलावर ठेवून त्याच्या बाहेर थेंब कसे येतात ते मुलीला दाखवा, तिला लगेच समजेल. बसमध्ये थांब्यावर चढण्यापूर्वी बाहेरूनच काचेवर एक रेघ ओढायची आणि आत गेल्यावर ती कोणत्या खिडकीवर आहे हे शोधायचे, असा खेळ वर्गातील मुलांनी मला सांगितला. पण बस पूर्ण थांबलेली असेल, रांग पुढे सरकत नसेल आणि तुमचा हात मुलीच्या हातात असेल तरच हे करा.

---

उत्तर: थेम्सकाठचा_मराठी

आम्ही लंडनच्या दक्षिण भागात, पेकहॅमला राहतो. येथे वर्षातील बराच काळ बसच्या काचा बंदच असतात, बसमध्ये वाहक नाही, आणि अकरा वर्षांखालील मुलांना बसचे भाडे नसल्यामुळे हातात तिकीटही येत नाही. तुमची आजची परिस्थिती आमच्या मुलांना जन्मापासूनच मिळालेली आहे, म्हणून लिहावेसे वाटले.

आमचा मुख्य खेळ पाढ्यांचा आहे. समोरून येणाऱ्या बसचा क्रमांक कोणत्या पाढ्यात बसतो ते मराठीत सांगायचे. आमच्या भागात १२, ३६, ६३ या क्रमांकांच्या बस धावतात. ६३ दिसली की धाकटी ‘सात नवे त्रेसष्ट’ म्हणते आणि ३६ दिसली की सहाचा, नऊचा, बाराचा की अठराचा यावर दोघांची चढाओढ लागते. ३७ दिसली की सगळे गप्प राहतात, कारण ती कोणत्याच पाढ्यात सापडत नाही, आणि त्या वेळी जो चुकून बोलेल त्याच्यावर राज्य येते. मुलांना मराठी पाढे पाठ झाले ते या बसमुळेच. घरी बसवून म्हणवून घेण्याचा प्रयत्न कधीच टिकला नव्हता. तुमच्या रस्त्यावर तर क्रमांकांची रेलचेल असेल, आणि तीन आकडी क्रमांक मोठ्या मुलासाठी राखून ठेवता येतील.

दुसरी गोष्ट थांब्याच्या बटणाची. येथे उतरण्यापूर्वी लाल बटण दाबले की पुढे थांबण्याची सूचना उजळते. बटण कोणी दाबायचे यावरून आमच्याकडे रोज भांडण होत असे, म्हणून एक नियम केला: जाताना धाकटीने आणि येताना थोरल्याने दाबायचे, पण दुसऱ्या प्रवाशाने आधी दाबले तर पाळी दुसऱ्या दिवशीसाठी राखीव ठेवायची. तुमच्या बसमध्ये असे बटण असेल तर हा करार आधीच करून ठेवा.

---

उत्तर: रात्रपाळीची_परिचारिका

सहप्रवाशांविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. मी एका रुग्णालयात काम करते आणि अनेकदा रात्रपाळी संपवून सकाळच्या शाळेच्या गर्दीतच घरी परतते. तेव्हा मला बसमध्ये थोडी झोप लागली तर हवी असते. मुलांच्या खेळाचा मला कधी त्रास झाला नाही. त्रास होतो तो मोबाइलवर मोठ्या आवाजात लावलेल्या चित्रफितींचा. मूल आईशी बोलते त्याला चढउतार असतो, मध्ये विराम असतात, आणि त्या आवाजात झोप लागू शकते.

माझ्या बसमध्ये दोन बहिणी आजोबांबरोबर येतात. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि मी डोळे मिटलेले असले की त्यांचे बोलणे खुणांवर येते. एके दिवशी जाग आली तेव्हा त्या बोटांनी आकडे दाखवून काहीतरी मोजत होत्या, आणि मी पाहते आहे हे कळल्यावर लहानीने मलाही एक आकडा ओळखायला दिला. मला तो ओळखता आला नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारला. तुमच्या मुलांनी शेजारच्या माणसाचा चेहरा पाहून खेळाचा आवाज ठरवावा एवढेच सांगेन, बाकी निःशंकपणे खेळू द्या.

---

उत्तर: निवृत्त_वाहक

एक गोष्ट सांगायची राहिली होती. बेस्टचे संग्रहालय आणिक आगारात आहे आणि ते तुम्हाला शीवहून जवळच पडेल. जुनी तिकिटे, पंच आणि ट्रामच्या प्रतिकृती तेथे पाहायला मिळतात. मुंबईतील पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली, आणि बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, हा सगळा इतिहास मुलांना तेथे वस्तूंसह समजेल. कोणत्या दिवशी उघडे असते याची चौकशी करून जा आणि आजींना बरोबर न्या. पंच पाहिल्यावर मुले त्यांनाच सर्वांत जास्त प्रश्न विचारतील.